पुस्तकं देऊन टाकणारे बिशप : खरी मंडळी कोणाची?



आज 'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. घरची मंडळी, पाहुणेमंडळी, नाटकमंडळी असं आपण रोज म्हणतो. मराठी बायबल उघडलंत तर 'चर्च' या अर्थाने तिथे हाच शब्द सापडेल. चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच मनोरा, घंटा, रंगीत काचा येतात. पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून जमवलेली सभा. तोच लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये 'इग्रेजा' झाला आणि गोव्याच्या कोंकणीत 'इगर्ज' होऊन बसला. मराठी कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. म्हणजे चर्च म्हणजे आधी माणसं, भिंती नंतर.

आणि माणसं आली की भानगड आलीच. कुठली माणसं? फक्त चांगली, की येतील ती सगळी? जगभरातल्या बहुतेक ख्रिस्ती पंथांमध्ये एक जुनं श्रद्धासूत्र म्हटलं जातं. त्यात चर्चची चार लक्षणं सांगितली आहेत : ते एक आहे, पवित्र आहे, सार्वत्रिक आहे आणि प्रेषितांपासून चालत आलेलं आहे. त्यातल्या 'पवित्र' या शब्दापाशी थोडं थांबा. ज्या संस्थेत भित्री, लोभी, खोटं बोलणारी माणसं आहेत, ती पवित्र कशी? आणि ती माणसं बाहेर काढली, तर उरलेल्यांना 'एक' आणि 'सार्वत्रिक' म्हणता येईल का?

हा प्रश्न पुस्तकी वाटतो ना? पण उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशिया आणि अल्जीरियात, यावरून शंभर वर्षांहून जास्त काळ भांडण चाललं. एकाच गावात दोन बिशप होते. नवरा एका चर्चमध्ये जायचा, बायको दुसऱ्या. लाठ्या चालल्या, सैन्य आलं, माणसं मेली. आजचा भाग त्याच भांडणाचा.

एका सकाळचा पंचनामा

सुरुवात 303 सालची. रोमन सम्राट डायोक्लेशनने फेब्रुवारीत फर्मान काढलं : ख्रिस्ती लोकांची प्रार्थनास्थळं पाडा, त्यांची धर्मपुस्तकं जाळा. लक्षात घ्या, तेव्हा छपाई नव्हती. एकेक पुस्तक हाताने लिहिलेलं. गावातलं पुस्तक गेलं की गावातलं देवाचं वचनच गेलं.

19 मे 303 रोजी किर्ता गावात, म्हणजे अल्जीरियातल्या आजच्या कॉन्स्टँटिन शहरात, सरकारी अधिकारी ख्रिस्ती लोक जिथे जमायचे त्या घरी पोचला. त्या दिवसाची नोंद पुढे एका खटल्यात वाचली गेली, म्हणून आपल्यापर्यंत आली. ती वाचताना तलाठ्याने केलेला पंचनामा वाचतोय असं वाटतं. जप्त माल : सोन्याचे पेले 2, चांदीचे पेले 6, चांदीचे दिवे 7, बायकांचे अंगरखे 82, पुरुषांचे अंगरखे 16, पुरुषांच्या चपलांचे जोड 13, बायकांच्या चपलांचे जोड 47.

मला या यादीतल्या सोन्यापेक्षा त्या 47 जोडांचं जास्त अप्रूप वाटतं. एवढे कपडे आणि चपला कशासाठी जमवल्या असतील? बहुधा विधवा आणि गोरगरिबांना वाटायला. 'मंडळी' म्हणजे काय, याचं एक उत्तर त्या यादीतच आहे.

मग पुस्तकांची पाळी आली. दोन कनिष्ठ सेवकांनी एक भलंमोठं पुस्तक आणून दिलं. बाकीची कुठे आहेत? वाचकांच्या घरी, असं ते म्हणाले. वाचकांची नावं सांगा, म्हटल्यावर मात्र दोघांनी नकार दिला. आम्ही फितूर नाही, हवं तर मारा, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि अटक करून घेतली. त्यांचा बिशप पॉल तिथेच बसलेला होता. अधिकारी मग घरोघर फिरला. एका शिक्षकाच्या घरी पुस्तकं सापडली. एका घरात नवरा नव्हता, बायकोने सहा पुस्तकं काढून दिली.

या सगळ्यांना नंतर एक नाव चिकटलं : 'त्रादितोर', म्हणजे हातातलं दुसऱ्याच्या हवाली करणारा. इंग्रजी 'ट्रेटर', गद्दार, हा शब्द याच मुळातून आलाय. आणि गंमत म्हणजे 'ट्रॅडिशन', परंपरा, हा शब्दही तिथूनच आलाय. पुस्तक पुढच्या पिढीच्या हाती दिलं तर परंपरा, शिपायाच्या हाती दिलं तर गद्दारी. क्रियापद एकच.

अर्थात सगळ्यांनीच पुस्तकं दिली नाहीत. काही जण तुरुंगात गेले, काही मेले. 304 साली अबितिना गावच्या 49 जणांना रविवारी एकत्र जमल्याबद्दल पकडून कार्थेजला नेलं. पुढे डोनेटिस्ट लोक (ते कोण, सांगतो लगेच) अशी कथा सांगायचे की या कैद्यांसाठी नातेवाइकांनी आणलेलं अन्न कार्थेजच्या बिशपच्या माणसांनीच तुरुंगाच्या दारात अडवलं. ही त्यांच्या बाजूची कथा आहे, हे ध्यानात ठेवा. पण ज्यांनी ती खरी मानली, त्यांच्या मनात काय पेटलं असेल, याची कल्पना करा.

ज्याच्याकडे नाही, तो देणार काय?

छळ संपला. कार्थेज या राजधानीच्या शहराचा बिशप वारला आणि 311 च्या आसपास सेसिलियन नावाचा माणूस नवा बिशप झाला. हा तोच, ज्याच्यावर कैद्यांचं अन्न अडवल्याचा आरोप होता. बिशपला दीक्षा दुसरे बिशप देतात. सेसिलियनला दीक्षा देणाऱ्यांत आप्तुंगाचा बिशप फेलिक्स होता. आणि लोक म्हणू लागले, फेलिक्स त्रादितोर आहे, त्याने पुस्तकं दिलीत.

शेजारच्या न्युमिडिया प्रांतातून सुमारे 70 बिशप कार्थेजला आले. त्यांनी सेसिलियनची दीक्षाच बाद ठरवली आणि मेजोरिनस नावाचा दुसरा बिशप बसवला. मेजोरिनस हा लुसिला नावाच्या एका श्रीमंत बाईच्या घरचा माणूस. ही बाई प्रसाद घेण्याआधी एका हुतात्म्याच्या हाडाचं चुंबन घ्यायची आणि त्यावरून सेसिलियनने तिला सर्वांसमोर झापलं होतं, असं विरुद्ध बाजूचा लेखक ऑप्टेटस सांगतो. म्हणजे तत्त्वाच्या भांडणात जुना राग आणि पैसा, दोन्ही होते. नेहमीप्रमाणे.

मेजोरिनस लवकरच वारला. त्याच्या जागी आला डोनेटस. करारी, विद्वान, लोकांवर जबरदस्त पकड असलेला. त्याच्यावरून या पक्षाला डोनेटिस्ट म्हणतात. ते स्वतःला अर्थातच तसं म्हणत नसत. ते म्हणत, आम्हीच कॅथलिक, आम्हीच खरं चर्च. दुसरी बाजूही तेच म्हणत होती.

डोनेटिस्टांचा मुद्दा समजायला सोपा आहे. ज्याच्याकडे पवित्र आत्मा उरलाच नाही, तो दुसऱ्याला देणार काय? विहिरीत नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फेलिक्सचे हात विटाळले, त्या हातांनी सेसिलियनला दिलेली दीक्षा विटाळली, सेसिलियनने ज्यांना दीक्षा दिली तेही गेले आणि त्यांनी ज्यांना बाप्तिस्मा दिला तेही. म्हणून त्या बाजूकडून कोणी इकडे आलं, की डोनेटिस्ट त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत. त्यांच्या लेखी तो पहिलाच बाप्तिस्मा असायचा. आधीची नुसती आंघोळ.

त्यांच्या मागे एक मोठं नावही होतं. कार्थेजचा जुना बिशप सिप्रियन, जो 258 साली हुतात्मा झाला, त्यानेही चर्चबाहेरचा बाप्तिस्मा खरा नाही असंच शिकवलं होतं. म्हणजे डोनेटिस्ट काही नवं सांगत नव्हते. आफ्रिकेच्या मातीतलीच शिकवण ते धरून होते.

मग सरकार आलं

याच वेळी सगळा पट पालटला. नवा सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूला झुकला. 313 साली त्याने आफ्रिकेतल्या चर्चला पैसे दिले आणि धर्मगुरूंना नागरी जबाबदाऱ्यांतून सूट दिली. आता सांगा, पैसे कुठल्या चर्चला? सूट कुठल्या धर्मगुरूंना? खरं चर्च कोणतं, हा प्रश्न आता सरकारी दफ्तरात पोचला. सम्राटाने सेसिलियनला धरलं.

पुढचं ऐका, कारण ते बरेच जण विसरतात. सम्राटाकडे दाद मागायला आधी डोनेटिस्टच गेले. आमचा निवाडा करा, म्हणाले. रोमला सुनावणी झाली, विरुद्ध गेली. पुन्हा तक्रार. मग 314 साली फ्रान्समधल्या आर्ल्स इथे मोठी परिषद भरली. तिथेही हरले. 315 साली कार्थेजमध्ये फेलिक्सवरच्या आरोपाची चौकशी झाली. त्याच्याविरुद्धच्या पत्रात नंतर खोटा मजकूर घुसवल्याचं निघालं आणि फेलिक्स निर्दोष सुटला. ज्या ठिणगीवरून आग लागली, ती ठिणगीच खोटी ठरली. पण तोवर गावंच्या गावं पेटली होती. आग विझली नाही.

आर्ल्सच्या परिषदेने केलेला एक नियम फार महत्त्वाचा आहे. एखाद्या धर्मगुरूने पुस्तकं दिली हे सरकारी कागदांवरून सिद्ध झालं, तर त्याला काढून टाका. पण त्याने आधी ज्यांना दीक्षा दिली, त्यांची दीक्षा कायम. दोषी माणूस पदावरून जाईल, पण त्याने केलेलं देवाचं काम रद्द होणार नाही.

आपल्या भाषेत सांगतो. तुमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. पाच वर्षांनी तो अधिकारी लाच घेताना पकडला गेला. त्याची नोकरी जाईल, जायलाच हवी. पण तुमचं लग्न मोडलं का? नाही. कारण लग्न त्याच्या चारित्र्यावर उभं नव्हतं, कायद्यावर उभं होतं. त्याने फक्त सही केली.

डोनेटिस्ट म्हणतील, धर्म म्हणजे सरकारी कचेरी आहे का? प्रश्न चुकीचा नाही. तो सोडू नका.

आणि इथे एक ट्विस्ट. किर्त्याची ती जप्ती आठवतेय? तेव्हा सिल्व्हानस नावाचा एक कनिष्ठ सेवक होता. त्याने लपवलेली चांदीची पेटी आणि दिवा शोधून अधिकाऱ्याच्या हाती दिला होता. हा सिल्व्हानस पुढे किर्त्याचा बिशप झाला आणि शुद्धतेचा झेंडा घेऊन मेजोरिनसला बसवणाऱ्यांत सामील झाला! 320 साली त्याच्याच एका सेवकाशी त्याचं वाजलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि तो जुना पंचनामा सगळ्यांसमोर वाचला गेला. आपल्याला ती 47 जोडांची यादी मिळाली ती या भांडणाच्या कृपेने.

आता हिशोब करा. शुद्ध हातांचीच साखळी खरी, असं म्हणायचं, तर मेजोरिनसच्या साखळीतही काळा हात निघाला. मग खरा बाप्तिस्मा कोणाचा? कोणाचाच नाही?

एकाच गावात दोन वेद्या

कॉन्स्टंटाइनने आधी जबरदस्ती केली. ती फसल्यावर 321 मध्ये सोडून दिली. 347 मध्ये त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत पुन्हा दोन सरकारी अधिकारी आले, आधी गरिबांसाठी पैसे घेऊन आणि मागून सैनिक घेऊन. तेव्हा डोनेटसने विचारलं, की सम्राटाचा चर्चशी संबंध काय? प्रश्न रोखठोक होता. फक्त तीस वर्षं आधी त्याच्याच पक्षाने सम्राटाचं दार ठोठावलं होतं, एवढंच. डोनेटस हद्दपार झाला आणि परदेशातच वारला. पण त्याचा पक्ष वाढला. चौथं शतक संपेपर्यंत आफ्रिकेत बहुसंख्य ख्रिस्ती लोक डोनेटिस्ट असावेत.

रोजचं जगणं कसं होतं? हिप्पो नावाच्या बंदरात, आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबामध्ये, एका डोनेटिस्ट बिशपने भट्टीवाल्यांना कॅथलिकांचे पाव भाजायला बंदी केली होती. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. नवराबायको एका अंथरुणावर झोपायचे पण एका वेदीसमोर जायचे नाहीत. खेड्यांत डोनेटिस्टांच्या बाजूने काठ्या घेऊन फिरणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांना विरोधक 'सर्कमसेलियन' म्हणत. कॅथलिक धर्मगुरूंवर हल्ले व्हायचे.

अशा हिप्पोमध्ये 395 च्या सुमारास एक नवा बिशप आला : ऑगस्टीन. जन्म 354, जवळच्याच थागास्ते गावचा. पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ज्याची सगळ्यात मोठी छाप पडली, तो हा. एकदा त्याला वाटेत गाठायला माणसं दबा धरून बसली होती. वाटाड्याने चुकून दुसरा रस्ता धरला, म्हणून तो वाचला.

ऑगस्टीनचं उत्तर

ऑगस्टीन म्हणाला, तुम्ही एकच गोष्ट विसरताय. बाप्तिस्मा धर्मगुरूचा नसतोच, तो ख्रिस्ताचा असतो. पाणी ओतणारा यहूदा असला तरी बाप्तिस्मा ख्रिस्तच देतो. दगडी पन्हळीतून पाणी वाहतं. पन्हळ कोरडी दगडाची, तिच्यावर काही उगवणार नाही. पण पाणी पुढे बागेत पोचतं.

दुसरी उपमा सैनिकाची. तेव्हा रोमन सैनिकांच्या अंगावर खूण गोंदत. सैनिक पळून गेला आणि नंतर परत आला, तर त्याच्यावर नवी खूण गोंदत नाहीत, जुनीच चालते. तसा बाप्तिस्मा. डोनेटिस्टांनी दिलेला बाप्तिस्माही खराच, आणि तो इकडे आला तर पुन्हा देण्याची गरज नाही. आता यातला मोठेपणा बघा. डोनेटिस्ट म्हणत होते, तुमचं सगळं खोटं. ऑगस्टीन म्हणत होता, तुमच्याकडे जे आहे ते खरं आहे, फक्त तुम्ही ते घेऊन घराबाहेर गेलात. प्रेम तोडलंत, म्हणून त्याचा तुम्हाला उपयोग होत नाही.

मग चर्च पवित्र कसं? ऑगस्टीन येशूचे दाखले काढतो. शेतात गहू आणि निदण एकत्र वाढतात. आत्ताच उपटायला गेलात तर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत थांबा. जाळ्यात चांगले-वाईट मासे एकत्रच येतात, निवड किनाऱ्यावर होते. चर्च पवित्र आहे ते ख्रिस्तामुळे. आतल्या माणसांची निवड अजून व्हायचीय, आणि ती करणारे आपण नाही.

खरं तर ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. टिकोनियस नावाच्या एका डोनेटिस्ट विचारवंतानेच आधी लिहिलं होतं, की ख्रिस्ताच्या शरीरात दोन्ही प्रकारची माणसं असतात. त्याच्याच लोकांनी त्याला बहिष्कृत केलं. तरी तो ऑगस्टीनच्या बाजूला गेला नाही. मला हा माणूस फार आवडतो. आपल्यांचं चुकतंय हे सांगायचं, पण घर सोडायचं नाही.

ऑगस्टीनचा आणखी एक पॉइंट साधा होता. चर्च सगळ्या जगाचं आहे ना? मग रोम, जेरुसलेम, अँटिओक, सगळीकडचं चर्च बुडालं आणि फक्त आफ्रिकेच्या एका कोपऱ्यात खरं उरलं, हे कसं? फेलिक्सने काय केलं, हे अँटिओकच्या कोष्ट्याला माहीतही नाही. त्याचा बाप्तिस्मा का बुडावा?

411 : सगळे समोरासमोर

जून 411. सम्राटाच्या हुकुमाने कार्थेजच्या एका मोठ्या स्नानगृहात दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले. अध्यक्ष होता मार्सेलिनस नावाचा सरकारी अधिकारी. लघुलेखक शब्दन् शब्द टिपत होते आणि त्याचा मोठा भाग आज उपलब्ध आहे.

पहिल्याच दिवशी डोनेटिस्ट बसायलाच तयार होईनात. पापी लोकांबरोबर नीतिमानाने बसू नये, अशी त्यांची भूमिका. मग मार्सेलिनसही उभाच राहिला. नंतर हजेरी. डोनेटिस्टांचा आग्रह, की एकेकाने पुढे यावं आणि समोरच्याने ओळख पटवावी. गावाचं नाव पुकारायचं, दोन्हीकडून एकेक बिशप पुढे यायचा. ओळखतोस का याला? ओळखतो. गल्लीतले शेजारीच ते. एका डोनेटिस्ट बिशपची सही होती, पण माणूस कुठे दिसेना. तो वाटेत वारला, म्हणाले. मग सही कोणी केली, यावर वाद.

कॅथलिक बिशपांनी आधीच लिहून दिलं होतं : आम्ही हरलो तर पदं सोडू. आम्ही जिंकलो तर तुम्ही या, गावात दोघं मिळून बिशप म्हणून राहू. वाचायला किती छान वाटतं!

पण निकाल लावणारा सम्राटाचा माणूस होता आणि तो लागायचा तसाच लागला. डोनेटिस्ट हरले. 412 साली त्यांच्यावर बंदी आली, दंड बसले, चर्चं काढून घेतली.

इथे मला ऑगस्टीनचा राग येतो

सुरुवातीला ऑगस्टीन जबरदस्तीच्या विरोधात होता. ढोंगी कॅथलिक तयार करून काय मिळवणार, असं त्याचं मत होतं. पण सरकारी कायद्यांच्या भीतीने लोक खरोखर येताना त्याने पाहिले, त्यात त्याचं स्वतःचं गावही होतं, आणि त्याने मत बदललं. ते त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवलंय. मेजवानीच्या दाखल्यात यजमान नोकराला सांगतो, रस्त्यावरच्या लोकांना आत यायला भाग पाड. त्या ओळीचा आधार त्याने कायद्याला दिला. मृत्युदंड नको, असं त्याने अधिकाऱ्यांना कळवळून लिहिलं, हेही खरं आहे. पण दार एकदा उघडलं होतं.

बघा काय झालं ते. कापणीपर्यंत थांबा, असं म्हणणारा माणूस, आणि त्याच्याच बाजूने सरकारी विळा चालला. वाईटांना आत ठेवण्याइतकी त्याची मंडळी मोठी होती, पण बाहेर राहायचंय असं म्हणणाऱ्याला बाहेर राहू देण्याइतकी मोठी नव्हती.

याची किंमत लांबपर्यंत वसूल झाली. पुन्हा बाप्तिस्मा देण्याविरुद्ध त्या काळात केलेला कायदा जस्टिनियनच्या संहितेत टिकला. अकराशे वर्षांनी युरोपात अ‍ॅनाबॅप्टिस्ट नावाचे लोक उभे राहिले. बाळपणीचा बाप्तिस्मा खरा नाही, समज आल्यावर घ्यावा, असं ते म्हणत. 1529 साली श्पायरच्या राजसभेने त्याच जुन्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना मृत्युदंड ठरवला.

आणि आफ्रिका? 429 मध्ये व्हँडल लोक समुद्र ओलांडून आले. 28 ऑगस्ट 430 रोजी ऑगस्टीन वारला, तेव्हा हिप्पोला वेढा पडलेला होता. 698 मध्ये कार्थेज अरबांच्या हाती गेलं. पुढच्या काही शतकांत तिथलं लॅटिन चर्च जवळजवळ संपलं. खरं चर्च कोणाचं, यावर जिथे शंभर वर्षं भांडण झालं, तिथे भांडायलाही कोणी उरलं नाही. याचं कारण फक्त ही फूट होती, असं मी म्हणणार नाही. पण फुटलेलं घर वादळात किती टिकणार?

प्रश्न संपला नाही

धर्मसुधारणेच्या काळात तो परत आला. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात ल्यूथरच्या बाजूने चर्चची व्याख्या केली : जिथे शुभवर्तमान शुद्ध शिकवलं जातं आणि संस्कार नीट दिले जातात, ती संतांची मंडळी. आणि लगेच पुढच्या कलमात डोनेटिस्टांचं नाव घेऊन त्यांचं मत नाकारलं. पोपशी उभा दावा मांडलेले लोकही या बाबतीत ऑगस्टीनच्याच बाजूला. 1839 साली इंग्लंडमध्ये जॉन हेन्री न्यूमन हा अँग्लिकन धर्मगुरू डोनेटिस्टांवरचा एक लेख वाचून हादरला : सगळ्या जगाच्या चर्चपासून तुटलेला कोपरा आपणच तर नाही? 1845 मध्ये तो कॅथलिक झाला.

आपल्याजवळचं उदाहरण हवं? 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र आले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांच्यापुढे हाच पेच होता. काही बाळांना बाप्तिस्मा देणारे, काही फक्त जाणत्यांना. काहींकडे बिशप, काहींकडे नाहीत. दीक्षा कोणाची खरी मानायची? त्यांनी बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना जागा ठेवली आणि सगळ्या धर्मगुरूंसाठी एकत्रित प्रार्थनाविधी केला. पुढे वाद झाले नाहीत असं नाही. पण सुरुवातीला कोणी कोणाला 'तुझी नुसती आंघोळ झाली' असं म्हटलं नाही.

मग खरी मंडळी कोणती? मी इतिहास सांगणारा माणूस, धर्मशास्त्राचा निवाडा माझ्याकडे मागू नका. पण या गोष्टीतून मला एवढं दिसतं. आज एखाद्या धर्मगुरूचं घोर कृत्य उघडकीला येतं, तेव्हा ज्यांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला, ज्यांचं लग्न त्याने लावलं, ते लोक मुळापासून हलतात. त्यांना ऑगस्टीनचं उत्तर आधार देतं : तुमचं जे आहे ते त्याच्या मालकीचं नव्हतंच. पण त्या उत्तराचा अर्धाच भाग सांगून चालत नाही. आर्ल्सच्या नियमाची दोन वाक्यं होती. दीक्षा कायम, हे दुसरं. दोषीला काढा, हे पहिलं. पहिलं गिळून दुसरंच सांगणाऱ्या संस्थेला डोनेटस आठवण करून द्यायला उभाच आहे, आणि तेवढ्यापुरतं त्याचं ऐकायला हवं.

आणि ज्यांना वाटतं, आपला गट तेवढा स्वच्छ, त्यांनी किर्त्याच्या सिल्व्हानसला विसरू नये. कुठल्या तरी दफ्तरात प्रत्येकाचा पंचनामा असतोच.

पुढच्या भागात आफ्रिकेतच राहू आणि व्हँडल लोकांची गोष्ट ऐकू. तोपर्यंत, राम राम मंडळी.